ओल्या लाकडावरची पट्टी

ओल्या लाकडावर पट्टी लावायची नसते, हे समुद्रात घुसलेल्या आमच्या टोकावर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझ्या भावाला माहीत नव्हतं. फिनले इनव्हरनेसला राहतो, गरम ऑफिसात बसतो, आणि सप्टेंबरात चार दिवसांसाठी येऊन आमच्या पवनचक्कीच्या तिन्ही पात्यांची वाट लावून गेला. नोव्हेंबरापासून मी हेच सांगत होते. शेजारच्या हेक्टरला सांगितलं, त्याच्या बायकोला सांगितलं, टपालाच्या बोटवाल्याला सांगितलं. जेटीवर जो भेटेल त्याला सांगितलं.

पाती मी कोरलेली. लार्चची फळी, सहा फुटांचं एकेक पातं, दोन हिवाळे त्यांच्यामागे घालवलेले. वारा ज्या कडेला आधी भिडतो ती पुढची कड सगळ्यात नाजूक. टोकाशी ती ताशी सव्वाशे मैलांनी धावते, आणि त्या वेगाला पावसाचा थेंब हा थेंब राहत नाही, खडी होते. वर आमच्या गारा, समुद्राचं खारं पाणी. एका हिवाळ्यात कड झिजलेल्या ब्रशासारखी होते, धागे उभे राहतात, चक्की हुंदके दिल्यासारखा आवाज करते आणि वीज निम्म्यावर येते.

बाबांनी जन्मभर त्या कडेला गरम जवसाचं तेल आणि डांबर पाजलं. दर उन्हाळ्यात खांब उतरवायचा, कड खरवडायची, पुन्हा पाजायचं. फिनलेनं आणली विमानाच्या पंख्यांना लावतात ती जाड, पारदर्शक पट्टी. "दहा वर्षं बघायला नको," म्हणाला. मी त्या आठवड्यात डिंगवॉलला कोकरांच्या बाजाराला गेले होते. परत आले तेव्हा पाती चकचकीत होऊन चक्कीच्या मधल्या लोखंडी टोपीला जोडलेली, फक्त खांब उभा करायचा बाकी. आठवडाभर पाऊस पडत होता. मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

नोव्हेंबरात चक्की थरथरायला लागली. खांबाला धरणाऱ्या ताणाच्या तारा घरापर्यंत गुणगुणायच्या, कपाटातल्या बशा वाजायच्या. ब्रेकचा खटका ओढून मी ती थांबवली तेव्हा एक पातं बाकीच्यांहून जड होऊन खाली लटकलं. पाणी शिरलं होतं, आणि फिरता फिरता टोकाकडे जाऊन बसलं होतं. तेव्हापासून मी तिला फक्त हलक्या वाऱ्यात फिरू द्यायची.

इथं रस्ता नाही, विजेची तार नाही. जे काही आहे ते बोटीतून येतं किंवा वाऱ्यातून. आणि बाबांच्या नाकाला दोन वर्षांपासून नळी आहे. नळीच्या दुसऱ्या टोकाला यंत्र आहे, ते हवेतून प्राणवायू काढून देतं, आणि ते चोवीस तास वीज खातं. नोव्हेंबरात एकदा बॅटऱ्या संपल्या. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. बोटी बंद, हेक्टरच्या जनरेटरला पेट्रोल नाही, आणि प्राणवायूच्या छोट्या सिलिंडरवर बाबा चार तास बसले. ओठ निळे पडले होते. हेक्टर पलीकडच्या वाडीतून पेट्रोलचा डबा घेऊन चिखल तुडवत आला तेव्हा मी त्याच्यासमोर फिनलेला फोन लावला आणि म्हणाले, "तुला बाबांना मारायचंच असेल तर सरळ येऊन उशी दाब ना तोंडावर."

तो पलीकडून म्हणाला, "मी बघतो."

त्यानं बघितलं ते इनव्हरनेसच्या वृद्धाश्रमातली एक खोली. नर्स एल्स्पेथ दर पंधरवड्याला बोटीनं येते. ती मला दारात गाठून म्हणाली, "मर्डिना, मला वाईट वाटतं. पण तिसऱ्यांदा वीज गेली तर मला लिहावं लागेल की हे घर त्यांच्यासाठी सुरक्षित नाही. मग तुझ्या हातात काही राहणार नाही."

"तुम्हाला वाईट वाटतं का?" मी म्हणाले. "बरं झालं. मला वाटलं मला एकटीलाच वाटतंय."

बाबा एकोणऐंशी वर्षांचे. त्यांचा जन्म या घरातल्या मागच्या खोलीत झाला. इनव्हरनेसला ते आयुष्यात सहा वेळा गेले असतील, आणि सहाही वेळा संध्याकाळच्या आत परत निघाले.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी वारा पडला. रेडिओनं सांगितलं की शनिवारी संध्याकाळपर्यंत पडलेला राहील, आणि मग पश्चिमेकडून वादळ. पाच दिवस मिळाले. मी सगळ्या घरांना निरोप धाडले की खांब उतरवायचाय, आणि फिनलेलाही कळवलं.

आमच्याकडे खांब उतरवायचा किंवा चढवायचा असला की घरटी एक माणूस येतो. बोलावलं आणि आला नाही असं होत नाही. मेंढ्या एकमेकांच्या कुरणात घुसल्या म्हणून वर्षभर तोंड न बघणारे लोक शेजारी शेजारी दोर धरून उभे राहतात. आणि दोर ताणलेला असेपर्यंत कुणी कुणाशी भांडायचं नाही. हे बोटी ओढायच्या काळापासूनचं आहे. हेक्टरच्या आजोबांचा पाय अशाच एका भांडणात गेला, दोर सोडून दुसऱ्याला मारायला हात उचलला म्हणून.

सोमवारी सकाळच्या बोटीनं फिनले आला. पेट्रोलचे दोन डबे घेऊन आला, आणि कोटाच्या आतल्या खिशात वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊन. पाकिटाचा कोपरा बाहेर दिसत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हेक्टर तोवर दोर गुंडाळायच्या विंचवर वाकला होता.

"मर्डिना, दोर," तो म्हणाला.

मी दोर धरला. फिनले माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि त्यानंही धरला. त्याचे ते ऑफिसातले हात. तीस फुटांचा खांब हळूहळू कलायला लागला, वरची चक्की आभाळातून घसरत खाली आली. माझ्या तोंडात जे जे होतं ते मी दातांखाली धरून ठेवलं.

"हळू सोड," फिनले मागून म्हणाला.

"मला शिकवू नकोस," असं म्हणणार होते, पण दोर ताणलेला होता. मी हळू सोडला.

खांब जमिनीला टेकला, दोर ढिला पडला, आणि मग मी सुरुवात केली. सहा माणसांसमोर. फॉर्म कशाला आणलास, पाती मारलीस, आता बापाला मारतोस का, तिकडे खोलीला खिडकी तरी आहे का. हेक्टरनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. फिनलेनं पान्यांचा डबा उघडला आणि पात्यांच्या टोपीचे नट सोडवायला बसला.

पाती आम्ही स्वयंपाकघरात आणली. चुलीच्या वर दोऱ्यांवर आडवी टांगली, खाली मेंढीच्या मटणाचं आणि बार्लीचं सूप शिजत होतं, आणि लाकडातून काळं पाणी थेंब थेंब सूपाच्या झाकणावर पडत होतं. बाहेर हेक्टरचा जनरेटर फटफटत होता. बाबा खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी, नाकात नळी. नळी पन्नास फूट लांब आहे. ती ओढत ते स्वयंपाकघरातून बाजूच्या शेडमधल्या बाकापर्यंत जाऊ शकतात, त्याच्या पलीकडे नाही.

"काय म्हणतंय लाकूड?" बाबा म्हणाले.

"कुजलंय म्हणतंय," मी म्हणाले. "तुमच्या लेकाची कृपा."

फिनले भिंतीकडे तोंड करून कोट काढत होता. बाबांनी खिडकीबाहेर बघितलं.

सगळ्यात जड पात्याची पट्टी मी सुरीनं उचकटली आणि ओढली. तिच्याखाली कड मऊ झाली होती. अंगठ्यानं दाबलं तर लाकूड भिजलेल्या पावासारखं आत गेलं. दोन हिवाळे मी ती कड तासली होती. रंध्यानं, मग पॉलिश पेपरनं, मग नुसत्या तळहातानं, कारण शेवटचा खडबडीतपणा फक्त कातडीला कळतो. मी ते लाकूड नखानं उकरून फिनलेच्या बशीत टाकलं. तो जेवत होता.

"बघ," मी म्हणाले. "खा."

त्यानं ते चिमटीत उचलून चुलीत टाकलं आणि पुन्हा सूप प्यायला लागला. लहानपणीही तो असाच होता. मी ओरडायची आणि तो जेवायचा.

मंगळवारी सकाळी तो मेंढ्यांना गवत घालायला गेला. मी पाती वजन करायला घेतली. आमच्याकडे लाकूड वाळलं की नाही ते डोळ्यांनी ठरवत नाहीत. सकाळ-संध्याकाळ वजन करायचं, बुंध्यावर पेन्सिलीनं लिहायचं, आणि तीन वेळा आकडा हलला नाही की ते वाळलं. हे बाबांनी आम्हा दोघांना लहानपणी शिकवलं. बुंधा टोपीच्या लोखंडी चकत्यांमध्ये दडलेला असतो, म्हणून चार महिने तो कुणी पाहिला नव्हता.

जड पात्याच्या बुंध्यावर पेन्सिलीचे आकडे होते. फिनलेच्या अक्षरात. दोन किलो नव्वद. दोन किलो सत्याऐंशी. आणि मग दोन किलो शहाऐंशी, तीनदा, एकाखाली एक. तिसऱ्यापुढे तारीख आणि "वाळलं".

मी दुसरं पातं उलटलं. तिथंही तसंच. तिसऱ्यावरही. भर पावसाच्या आठवड्यात त्यानं पाती याच चुलीवर टांगली होती, एकट्यानं, आणि तीन दिवस थांबला होता. पट्टी शेवटच्या दिवशी लावली होती.

मग पाणी शिरलं कुठून?

मी उचकटलेली पट्टी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. टोकापासून वरपर्यंत बारीक छिद्रं होती. अंगठ्याएवढ्या अंतरावर एकेक, एका ओळीत, कुठंही रेष न सोडता. गारेनं असं होत नाही. गार ओळ बघून पडत नाही. ही शिवणीची ओळ होती, आणि अशी ओळ फक्त त्यालाच टोचता येते ज्यानं जन्मभर शिडं शिवली आहेत.

दाराच्या खुंटीवर बाबांचं जाकीट होतं. मी खिसा चाचपला. शीड शिवायची आरी, भोकं पाडायचा लाकडी मुठीचा टोचा. तिच्या टोकाला वाळलेला चिकटा होता.

बाबा खुर्चीत डुलकी घेत होते. फिनलेच्या सप्टेंबरातल्या मुक्कामाच्या शेवटच्या रात्री पट्टी लावलेली पाती शेडमध्ये बाकावर होती, आणि नळी बाकापर्यंत पोचते. मला ते सगळं दिसलं, म्हातारा नळी ओढत ओढत गेला, बाकाशी वाकला आणि एकेक भोक पाडत बसला. मला भयंकर राग आला. कोणाचा ते मला कळेना. दोन महिने मी ज्याच्या नावानं बोंब मारली त्याचा नव्हता.

आणि रागाच्या मागोमाग भीती आली. फिनलेला हे कळलं तर संपलं. ज्या चक्कीवर आपला श्वास चालतो तिलाच भोकं पाडणाऱ्या माणसाला कोण घरी राहू देईल? नर्स एक ओळ लिहील आणि शुक्रवारच्या बोटीत बाबा असतील.

मी पट्टी गुंडाळली आणि चुलीत कोंबली. काळा धूर झाला, घाण वास सुटला. आरी जिथल्या तिथं खिशात ठेवली. मग आकडे दिसू नयेत म्हणून बुंधा वळवून ठेवला, जणू लिहिणाऱ्याला स्वतःचं अक्षर माहीत नव्हतं.

फिनले आत आला. "कसला वास?"

"तुझ्या पट्टीचा," मी म्हणाले. "चूल पेटवायला तरी कामाला आली."

त्यानं माझ्याकडे थोडं जास्त वेळ पाहिलं. "उरलेल्या दोन मी काढतो," म्हणाला. मी नको म्हणायच्या आत त्यानं दोन्ही पाती खांद्यावर घेतली आणि शेडमध्ये गेला. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा कडा साफ होत्या. पट्ट्यांचं काय केलं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बुधवारी आम्ही काम केलं. जड पात्याची सबंध कड मी पटाशीनं कापून काढली, चांगल्या लाकडापर्यंत. फिनलेनं आढ्यावर ठेवलेल्या कोरड्या लार्चची चीप फाडली, तिला तिरकी घडण दिली, आणि आम्ही ती रेझिननं चिकटवून शिकंज्यांमध्ये आवळली. त्याचा हात अजून सरळ चालत होता. बाबा खुर्चीतून बघत होते. रंधा कुठं अडकतो ते आवाजावरून ओळखून म्हणायचे, "उलटा धर. धाग्याच्या उलट चाललायस." आणि फिनले मुकाट्यानं उलटा धरायचा.

मी दिवसभर त्याच्याशी नीट बोलले नाही. बोलायचं काय? चुकले म्हणायचं तर कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं. मग त्यानं शिकंजा नीट आवळला नाही म्हणून मी त्याच्यावर खेकसले, रेझिन सांडलं म्हणून खेकसले. सांडलं माझ्या हातून होतं.

गुरुवारी एल्स्पेथ आली. बाबांच्या बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला, छाती ऐकली. मग टेबलावर कागद पसरून बसली. टेबलावर एक पातंही होतं, ते तिनं हलकेच बाजूला सरकवलं.

"आज चौथा दिवस जनरेटरवर," ती म्हणाली.

"आम्ही थांबवलीय," मी म्हणाले. "गेलेली नाही. थांबवणं आणि जाणं यात फरक आहे."

"तो मला कळतो, मर्डिना. मला एवढंच सांग, पात्यांना झालं काय होतं? पुन्हा होण्यासारखं असेल तर मला तसं लिहावं लागेल. नसेल तर या हिवाळ्यात मी काही लिहीत नाही."

बाबांचं यंत्र कोपऱ्यात सुस्कारे टाकत होतं. बाबा घोंगडीची दशी बोटांनी पिळत होते. मी तोंड उघडलं, आणि काय बोलणार होते ते मला आजही ठाऊक नाही.

"माझी चूक," फिनले म्हणाला. "मी ओल्या लाकडावर पट्टी लावली. मला परत जायची घाई होती."

"नक्की?"

"नक्की. हिला विचारा. दोन महिने ती सगळ्या गावाला हेच सांगतेय."

एल्स्पेथ माझ्याकडे वळली. फिनलेही बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. तेव्हा मला कळलं की त्यानं शेडमध्ये पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या होत्या.

"हो," मी म्हणाले. "ओल्याच लाकडावर."

एल्स्पेथनं लिहिलं, टोपण लावलं आणि चहा मागितला.

शुक्रवारी दुपारी फिनले ताणांच्या तारा तपासायला बाहेर गेला. बाबा नळी ओढत शेडमध्ये आले आणि बाकाशी बसले. दम लागला होता. मी दार लावून घेतलं.

"का केलंत, बाबा?"

त्यांनी कशाबद्दल असं विचारलं नाही. "लाकूड बंद केलं की आतून कुजतं. माझ्या बापानं एकदा बोटीला असाच रंगाचा थर दिला होता. बाहेरून नवी नवरी, आत भुसा."

"कुजलं ते भोकांनी. तुमच्या भोकांनी! वाळवलं होतं त्यानं, तीन दिवस वाळवलं होतं. आणि मी त्याला..." मी पॉलिश पेपर भिंतीवर फेकला. "तुमचा श्वास त्या पात्यांवर चालतो, बाबा! तुम्हाला कळतं की नाही?"

"ओरडू नकोस. कळतं." ते छातीवर हात ठेवून थोडा वेळ थांबले. मग त्यांचाच आवाज चढला. "मला विचारलं कुणी? नळी लावताना विचारलं नाही. पट्टी लावताना विचारलं नाही. पन्नास वर्षं ती कड मी राखली, आणि हा डब्यातून पट्टी काढतो आणि म्हणतो, बाबा, आता तुम्हाला बघायला नको. बघायला नको! मग मी करायचं काय? खिडकीत बसून मरायची वाट बघू?"

मी फेकलेला पॉलिश पेपर उचलून आणला.

"सांग त्याला," बाबा म्हणाले. "मी केलं म्हणून सांग."

"त्याला ठाऊक आहे."

"ठाऊक आहेच. बुधवारपासून माझ्या खिशात आरी नाही."

बाहेर फिनले तारेवर हातोडीनं टक टक करत होता. तार घट्ट असली की एक सूर लागतो, तो ऐकत होता. आम्ही दोघंही तो ऐकत बसलो.

मग मी नवी पट्टी घेतली; पात्यांचा आकडा सकाळपर्यंत तीन वेळा हलला नव्हता. फिनलेनं आणलेलं पुडकं अजून निम्मं उरलं होतं. कड पुसली, पातं चुलीशी धरून हाताला ऊब लागेपर्यंत गरम केलं. पट्टी एकाच तुकड्यात बुंध्यापासून टोकापर्यंत न्यायची, मधे जोड नाही, खाली हवेचा बुडबुडा नाही. एक माणूस ताणून धरतो, दुसरा अंगठ्यानं दाबत जातो. बुडबुडा राहिला तर तिथून वारा पट्टी उचलतो.

"अंगठा द्या," मी म्हणाले.

"मी?"

"मग कोण? माझे दोन्ही हात अडकलेत."

बाबांनी अंगठा कडेवर ठेवला. त्यांचा अंगठा रुंद आहे, शिडाच्या सुयांनी कातडं जाड झालेलं. एकेक इंच दाबत ते पुढं सरकले. मधेच थांबायचे, दम घ्यायचे, अंगठा तिथंच ठेवून. तिन्ही पाती व्हायला दोन तास लागले. एकही बुडबुडा राहिला नाही. मी प्रत्येक इंच उजेडात धरून पाहिला, कारण माझा आता कुणावरच विश्वास नव्हता, स्वतःवर सगळ्यात कमी.

"पुढच्या वर्षी उतरवून बघायला लागेल," मी म्हणाले.

"बघूच," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी सगळे पुन्हा आले. आभाळ पश्चिमेला पिवळट झालं होतं आणि मेंढ्या भिंतीच्या आडोशाला गेल्या होत्या. पाती टोपीला लावली, फिरवून बघितली. कुठंही सोडली तरी जिथल्या तिथं थांबत होती. हेक्टर विंचवर, आम्ही दोरावर. खांब उभा राहिला, पिना ठोकल्या. मी ब्रेकचा खटका सोडला, आणि हलक्या वाऱ्यात चक्की फिरायला लागली. गवत कापल्यासारखा आवाज, हुंदका नाही की थरथर नाही. घरात कपाटातल्या बशा गप्प होत्या. मी आत जाऊन विजेच्या मीटरच्या सुईकडे बघितलं आणि हेक्टरचा जनरेटर बंद केला. यंत्र सुस्कारे टाकतच राहिलं.

सूप झालं, व्हिस्कीचा एकेक घोट झाला. वादळाच्या आधीची शेवटची बोट दुपारी एकला होती. फिनलेला सोडायला सगळेच जेटीपर्यंत आले, कारण हेक्टरचीच बोट होती आणि दोर सोडायला माणसं लागतात. बाबांचा निरोप फिनलेनं घरातच घेतला होता. काय बोलले ते मी ऐकलं नाही. फॉर्मचं पाकीट कोटात तसंच होतं, कोपरा चुरगळलेला.

जेटीच्या पायऱ्यांवर त्यानं माझा हात हातात घेतला. आम्ही असं कधी करत नाही. हातात काहीतरी कडक आलं. लाकडी मूठ.

"कुठंतरी ठेव," तो हळू म्हणाला. "त्यांना सापडणार नाही अशा जागी. की सापडेल अशा, तू ठरव."

"फिनले," मी म्हणाले.

तेवढ्यात बोटीतून हेक्टर ओरडला, "चला साहेब! पुढच्या वेळी लाकूड वाळवायला शिकून या! की शहरात ओल्याच भिंतीला कागद चिकटवता?"

सगळे हसले. वाईट मनानं नाही हसले, आमच्याकडे माणसाला बोटीत बसवताना असंच हसतात. ही गोष्ट आता दर हिवाळ्यात निघणार, खांब उतरताना, सूप पिताना, फिनले म्हातारा होईपर्यंत. आणि ती मीच त्यांना दिली होती, घरोघर जाऊन वाटली होती.

"चुकलो रे," फिनले म्हणाला आणि बोटीत उतरला. खाली बसल्यावर त्यानं वर माझ्याकडे पाहिलं.

हेक्टरही बघत होता, हसत, माझ्या उत्तराची वाट बघत. नेहमीसारखं काहीतरी तिखट मी बोलणार हे त्याला माहीत होतं. एल्स्पेथची मावशी जेटीच्या कठड्याला टेकून उभी होती. एक शब्द वेगळा निघाला असता तर उद्या तो तिच्याकडून एल्स्पेथच्या कानावर गेला असता.

मी आरीवर मूठ आवळली. टोक तळहातात रुतलं.

"त्याला काय कळतंय लाकडातलं," मी मोठ्यानं म्हणाले. "बाबांनी याला जन्मात कधी शिकवलंच नाही काही."

पुन्हा सगळे हसले. फिनलेनं मान हलवली, आणि हेक्टरनं दोर सोडला.